बदल करण्याचा अधिकार

पंपघरात पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. वरच्या मजल्यावर मुख्य अभियंता संगणकाच्या पडद्याकडे बघत उभा होता.

“त्या निवृत्त माणसाला फक्त पाहण्याचा अधिकार द्या,” तो म्हणाला. “त्यापुढे काही नाही.”

तिनं मान हलवली. पाणीपुरवठा केंद्राचे सगळे नकाशे एका सामायिक वर्कस्पेसमध्ये होते. तिथे कुणाला बोलवायचं, कुणाला कोणता अधिकार द्यायचा, हे तिचं काम. अडतीस जण त्यात होते. बहुतेकांना नुसतं पाहता यायचं. मूळ नकाशाला हात लावायचा तर ॲडमिन असावं लागे, आणि ॲडमिन दोघंच होते, मुख्य अभियंता आणि ती.

सकाळी दहाला मोठ्या पाइपाचा सांधा सुटला होता. मुख्य व्हॉल्व्ह अर्धा फिरून अडकला होता. चौघं फिटर खाली उतरले होते. त्यांच्या हातातल्या टॅबवर नकाशा होता, पण नकाशात एक आणि भिंतीत भलतंच. त्या चौघांत तिचा धाकटा दीर होता.

ही जागा ज्यांना तळहातासारखी माहीत होती, ते जुने कर्मचारी, सगळ्यांचे व्हॉल्व्हकाका, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. म्हणजे कागदोपत्री निवृत्त. याच मुख्य अभियंत्यानं त्यांना मुदतीआधी घरी बसवलं होतं. “काम विसरतात, चुका करतात,” असा शेरा मारून. निरोप समारंभाला ते आलेच नाहीत; त्यांच्या नकाशांच्या वह्या काकूच येऊन घेऊन गेल्या.

तिनं त्यांच्या घरी फोन लावला तेव्हा काकूंनी उचलला. सगळं नीट ऐकून घेतलं.

“ते फोनवर येणार नाहीत,” काकू म्हणाल्या. “त्यांच्या पत्त्यावर आमंत्रण पाठवा. उत्तर मिळेल.”

तिनं आमंत्रण पाठवलं. दोन मिनिटांत यादीत एकोणचाळिसावं नाव आलं. त्याखाली एक ओळ उमटली.

‘नकाशा चुकीचा आहे. नुसता पाहून उपयोग नाही. बदल करता आला पाहिजे.’

मुख्य अभियंता हसला, पण त्यात हसू नव्हतं. “आता कळलं. ज्या माणसाला मी खुर्चीवरून उठवलं, त्याच्या हातात सगळ्या चाव्या द्यायच्या? एका बोटानं सगळं पुसून टाकेल तो.”

“साहेब, अजून वीतभर पाणी चढलं की मोटारींना लागेल. आत वीज चालू आहे.”

“वीज बंद करा मग.”

“बंद केली तर उपसा थांबेल. मग पोरं बाहेर यायच्या आत दार पाण्याखाली जाईल.”

तो खिडकीशी गेला, परत आला.

“तुमच्या जबाबदारीवर,” तो शेवटी म्हणाला. “मी नाही म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा.”

तिनं नावासमोर ‘ॲडमिन’ निवडलं. बोट क्षणभर थबकलं, मग तिनं बटण दाबलं.

लगेचच मूळ नकाशा उघडला गेला. आणि दक्षिणेची अख्खी बाजू पुसली गेली. पाइप, व्हॉल्व्ह, भिंत, सगळं. पडद्याचा अर्धा भाग पांढरा झाला.

“काढा त्यांना,” मुख्य अभियंता म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. “आत्ता काढा.”

फोन वाजला. तिचा दीर होता. “वहिनी, नकाशाच गेला. आम्ही कुठे बघायचं?”

“थांब,” ती म्हणाली. “कशालाही हात लावू नका.”

“मांडीला लागलंय पाणी.”

“थांब म्हटलं ना.”

नाव काढून टाकायचं बटण तिच्या समोर होतं. मुख्य अभियंत्यानं हात पुढे केला. तिनं माऊस आपल्याकडे ओढून घेतला. नोकरीत पहिल्यांदाच तिनं साहेबांचं ऐकलं नव्हतं.

मग पांढऱ्या जागेत एक रेघ आली. दुसरी आली. भिंत उभी राहिली, पण हातभर अलीकडे. तिच्यामागे एक छोटा चौकोन. शेजारी अक्षरं उमटली.

‘मोठ्या व्हॉल्व्हवर जोर लावू नका, मोडेल. भिंतीत लोखंडी झाकण आहे, वरून रंग दिलाय. ठोकून उघडा. आतला व्हॉल्व्ह उलटा बसवलाय. डावीकडे फिरवा, नेहमीसारखा उजवीकडे नाही.’

तिनं शब्दन्‌शब्द फोनवर वाचून दाखवला. पलीकडून हातोड्याचे ठोके ऐकू आले. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग तोही कमी होत गेला.

“बसला,” दीर म्हणाला. “वहिनी, व्हॉल्व्ह बंद झाला एकदाचा.”

मुख्य अभियंता खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पत्र घेऊन व्हॉल्व्हकाकांच्या घरी गेली. सल्लागार म्हणून परत या, अशी विनंती होती, खाली मुख्य अभियंत्याची सही. काकूंनी दार उघडलं आणि तिला आत नेलं. व्हॉल्व्हकाका खिडकीजवळ बसले होते. स्वच्छ दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“काका, काल तुमच्यामुळे चार जीव वाचले,” ती म्हणाली. “त्यातला एक आमच्या घरातला.”

“अरे वा,” ते म्हणाले. “छान झालं.”

तिनं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंच धरलं, बराच वेळ पाहिलं आणि घडी न मोडता परत केलं. काकू पाणी आणायला आत गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले,

“हे त्या बाईंना दाखवा. कोण कुठल्या ठाऊक नाही, पण माझं फार करतात. आणि नकाशातलं त्यांना सगळं कळतं.”