सोळा-सोळा चौरस फूट

हिमायतनगरमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दिवाळी आली, की कुसुमताई आणि समोरच्या लक्ष्मम्मा रांगोळीच्या जागेवरून धुसफुसायच्या. यंदा निवृत्त गणितमास्तर मुकुंदरावांनी टेप काढली. दोन दारांमधली जागा आठ फूट लांब, चार फूट रुंद. बत्तीस चौरस फूट, म्हणजे प्रत्येकीला सोळा. मधोमध खडूची रेघ ओढून त्यांनी बायकोला, कुसुमताईंना बजावलं, "इंचभरही जागा वाया घालवायची नाही!"

सकाळी फिरायला निघालेले मुकुंदराव उंबऱ्यातच थबकले. रेघेच्या अलीकडे भिंतीपासून जिन्यापर्यंत रांगोळी, पलीकडे तसाच लक्ष्मम्मांचा मुग्गू, म्हणजे त्यांची तेलुगू रांगोळी. समोरच्या दारात त्यांचे यजमान वेंकटराव चपला हातात घेऊन उभे.

"मास्टरसाब, अब जिने तक कैसा जाना जी?"

आतून कुसुमताई म्हणाल्या, "इंचभरही नाही म्हणालात ना? पाऊल ठेवण्यापुरतीसुद्धा नाही घालवली!"