टाळ्या वाजल्या की

"आता मरतोय बघ तुझा क्रेशो!" बेटावरच्या उघड्या थिएटरात शेजारीण त्याच्या आईला कोपरानं ढोसायची. पडद्यावर गोळी लागून क्रेशो कोसळला, की सगळं गाव टाळ्यांचा कडकडाट करायचं. आई डोळे घट्ट मिटून घ्यायची.

उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा नट. क्रोएशियातल्या दिग्दर्शकांनी त्याला महायुद्धावरच्या चित्रपटांत कायम शत्रूकडचा जर्मन अधिकारीच बनवलं, आणि जर्मन अधिकाऱ्यानं शेवटी मरायचं हे ठरलेलं. "निदान मरताना एखादं वाक्य तरी मागून घे रे," आई म्हणायची.

पन्नाशी उलटल्यावर राजधानी झाग्रेबच्या रंगभूमीवर त्याला प्रमुख भूमिका मिळाली, एका नावाड्याची. नाटकात बंदूक नव्हतीच. आई आयुष्यात पहिल्यांदा नाटकाला आली, पहिल्या रांगेत बसली.

पडदा पडला आणि सगळं प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. लवून अभिवादन करताना क्रेशोला दिसलं, एकटी आईच बसून होती, डोळे घट्ट मिटून.

तो तसाच खाली धावला. "आई, उघड डोळे. मेलो नाही मी."

तिनं त्याचा चेहरा चाचपला. "मग एवढ्या टाळ्या कशाला रे?"