लांब बाह्या

"ही फिर्याद तुमच्याच हातची ना?" जावयाच्या वकिलांनी कागद पुढे धरला.

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. लेकीला विहिरीतून बाहेर काढलं त्या दिवशी हवालदार लिहून घ्यायला बसला होता, पण बाईंनी त्याच्यापुढचा कागद ओढून घेतला होता. वीस वर्षं शतशब्दकथा लिहिणाऱ्या बाईला आपल्या पोरीबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं कसं चालेल?

वकिलांनी मोठ्यानं वाचलं, "'भर मे महिन्यात लेक माहेरी आली, ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून.' बरं. यात मारहाण कुठाय?"

"मी वळ पाहिले होते, साहेब. दोन्ही दंडांवर. नवरा पट्ट्यानं मारतो, असं तिनं स्वतः सांगितलं मला."

"मग तेव्हा का नाही लिहिलंत? आज वर्षानं आठवलं?"

लिहिलं होतं की! पक्की प्रत काढताना बाईंनीच वळांचं ते वाक्य गाळलं होतं. कथालेखनाच्या शिबिरात नवख्यांना त्या हेच तर बजावायच्या: बाह्या दाखवल्यात ना, मग वळ सांगत बसू नका, वाचक काही खुळा नसतो.

"लेखी नाही, ते आता कसं धरायचं, बाई?" न्यायाधीशांनी चष्मा काढला.

बाईंनी जावयाकडे पाहिलं. बाह्यांचं ते वाक्य वाचलं गेल्यापासून त्याची मान खाली होती. अख्ख्या कोर्टात त्या एकट्यालाच ते कळलं होतं.