वीस फुटांचा हंस

पोहण्याच्या तलावाच्या मालकीणबाईंना लोगोसाठी धाकट्या दिरांनी कॉम्प्युटरवर रंगवलेला हंस आवडला, पिसं फोटोसारखी. माझा व्हेक्टरमधला, म्हणजे गणिती रेषांनी आखलेला, नुसत्या कमानी जोडलेला. “वहिनी, तुमचा वहीत शोभेल!” दीर हसले. सासऱ्यांचा हात थरथरू लागल्यापासून आमचं पाट्या रंगवायचं दुकान बसत चाललं होतं. हे काम फसलं तर कुलूपच. देवाचं नाव घेऊन मी म्हणाले, “ताई, लोगो लागणार ती भिंत वीस फुटांची. दोन्ही तेवढे करून बघू.” पडद्यावर दिरांचा हंस वाढवताच पिसं विरघळली, ज्या रंगीत ठिपक्यांची ती बनली होती त्यांचे नुसते चौकोन उरले. “हंस कुठाय रे? या तर तलावाच्या फरश्या!” सासरे म्हणाले. माझा भिंतीएवढा झाला तरी मान तशीच रेखीव. त्यात चौकोन नव्हतेच, प्रत्येक कमान हिशेबानं नव्यानं आखली जात होती. “हाच!” ताईंनी टाळी वाजवली. चाळीस वर्षं जपलेला कमानी आखायचा पितळी कंपास सासऱ्यांनी माझ्या माउसशेजारी ठेवला. “मीही असंच आखायचो, सूनबाई.”