लाखावं उत्तर

नागपूरच्या हँगरमध्ये सुनेत्रा भोयर सकाळपासून एका जुन्या चिपला एकच गणित घालत होती. विमानात बसवण्याआधी तेच गणित लाख वेळा घालायचं आणि लाखच्या लाख वेळा उत्तर तेच यायला हवं, असा तिथला शिरस्ता होता. नव्या चिपा स्वतः शिकायच्या आणि उत्तरं बदलायच्या, म्हणून विमानात त्यांना थारा नव्हता. जुन्या चिपांचे कारखाने तर कधीच बंद पडले होते. लोकांना नवी यंत्रं द्यायची आणि त्यांच्या जुन्या यंत्रांतल्या चिपा विमानांसाठी काढून घ्यायच्या, एवढाच मार्ग उरला होता.

ही चिप तिच्या बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनमधली होती. अदलाबदलीचा अर्ज तिनेच भरला होता.

फोन वाजला. बाबा होते.

"नवीन मशीन फार हुशार आहे, बाई," ते म्हणाले आणि दम घ्यायला थांबले. "परवापासून हवा कमी कमी करतंय. पुरत नाही म्हटलं, तर म्हणतं, सवय होईल."

"बटण दाबून वाढवा ना, बाबा."

"बटणच नाही त्याला. जुनं परत मिळेल का?"

काचेपलीकडे विमान उभं होतं. एकशे ऐंशी माणसं त्यात बसणार होती. पडद्यावर लाखावं उत्तर उमटलं. तेच होतं.

"मॅडम, सही," शेजारचा वानखडे म्हणाला.

सुनेत्राने सही केली. फोन अजून कानाशीच होता. पलीकडे एक श्वास संपला होता आणि ती पुढच्याची वाट पाहत होती.