रांगेतली वाक्यं

“सही पटत नाही.” कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली.

दारात गाडी उभी होती. दादा आईच्या कपड्यांची पिशवी भरत होता.

“शास्त्रज्ञबाई, आटपा. केअर सेंटरला चारच्या आत पोचायचंय.”

“दहा मिनिटं दे,” धाकटी म्हणाली.

“सात महिने दिले की. तिला आता काही कळत नाही गं. नुसते डोळे भिरभिरतात.”

आई पलंगावर उताणी होती. पक्षाघातानंतर तिचे फक्त डोळे हलायचे. म्हणून बाबांनी छतावर मोठी अक्षरं रंगवली होती. आई एकेक अक्षर बघायची, कॅमेरा तिची नजर टिपायचा, आणि टेबलाखालचा लिनक्सचा कॉम्प्युटर वाक्य जुळवून मोठ्याने बोलायचा. आवाज मात्र बाबांचा. आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घरात नव्हतंच, म्हणून बाबांनी स्वतःचा दिला. “अहो, टॉवेल उचला,” असं बाबांचाच आवाज बाबांना दटावायचा आणि घर खो खो हसायचं. स्पीकर इतका दणदणीत की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून उत्तर द्यायच्या.

बाबा गेले आणि कॉम्प्युटर गप्प झाला. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा तेवढा चालू होता. आईला धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. पाण्याच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना दोनदा तपासणाऱ्या धाकटीने तो कॉम्प्युटर एकदाही तपासला नाही. तिला तो आवाज ऐकायचा नव्हता.

पण आज सकाळी आईचं तोंड पुसताना तिला दिसलं. ते डोळे भिरभिरत नव्हते. थांबत होते. एका जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मोजूनमापून, अक्षरावरून अक्षरावर. म्हणून सात महिन्यांनी ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि अपडेट चालवू लागली.

बोलण्याचं सॉफ्टवेअर बाबांनी लिहिलेलं. त्याची पॅकेजेस, म्हणजे तयार संच, ते इंटरनेटवरच्या आपल्या छोट्याशा भांडारात ठेवत आणि त्यावर स्वतःची डिजिटल सही करत. त्या सहीची मुदत गेल्या महिन्यात संपली होती. ती वाढवणारं माणूसच उरलं नव्हतं. त्यामुळे कॉम्प्युटर बाबांचं काही म्हणजे काही घ्यायला तयार नव्हता.

धाकटीने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन शब्द घातले. अर्थ एवढाच, की या भांडारावर विश्वास ठेव. पुन्हा अपडेट चालवलं. सहीची तक्रार गेली. त्या तक्रारीमागे दुसरी उभी होती.

‘मागचं काम मध्येच थांबवलं गेलं आहे. आधी ते पूर्ण करा.’

तिने लॉग उघडला. तारीख बाबा गेले तीच. वेळ सकाळचे आठ दहा.

त्या सकाळी “अपडेट लावलंय, संपेपर्यंत हात लावू नकोस,” असं सांगून बाबा आंघोळीला गेले होते. तिला प्रयोगशाळेचा अहवाल पाठवायचा होता आणि अपडेटने सगळं इंटरनेट अडवलं होतं. तिने दोन बटणं दाबली. कंट्रोल आणि सी. अपडेट तिथेच थांबलं. अहवाल गेला, पाठोपाठ तीही कामाला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा बाबा पलंग आणि खिडकीच्या मध्ये पडले होते. “झटक्यात गेले, त्यांना कळलंही नसेल,” डॉक्टर म्हणाले. त्या एका ‘झटक्यात’वर तिने सात महिने काढले होते.

तिने अर्धवट काम पूर्ण करण्याची आज्ञा दिली. पडदाभर ओळी सरकल्या. तळाशी एक आकडा आला.

‘रांगेत थांबलेली वाक्यं: ३९१६.’

आईचे डोळे छतावरून खाली उतरले आणि तिच्यावर स्थिरावले.

स्पीकर खरखरला. “चिमणे, डबा विसरलीस,” बाबांचा आवाज म्हणाला.

दादाच्या हातून पिशवी गळली. “बोलली! अगं, आई बोलली!” तो हसत होता आणि डोळे पुसत होता. “गाडीवाल्याला परत पाठवतो मी. पण कुठला डबा गं?”

धाकटीने वाक्यापुढची वेळ पाहिली. तीच तारीख. आठ बारा.

“थांब दादा,” ती म्हणाली. “ही जुनी आहेत. क्रमाने येतायत.”

“अहो, असे काय करताय? बसा आधी.” आठ सत्तावन्न.

तिचा हात स्पीकरच्या बटणापर्यंत गेला. आई तिच्याकडे बघत होती. हात तिथेच राहिला.

“कुणीतरी या. ते पडलेत.” आठ अठ्ठावन्न.

“काकू, या हो. श्वास चालू आहे.” नऊ वाजून चार मिनिटं.

भिंतीपलीकडे काकूंच्या हातातलं भांडं पडलं आणि त्यांची पावलं दाराकडे धावत सुटली.

“श्वास अजून चालू आहे.” सव्वाअकरा.

“अजून चालू आहे.” दुपारचे दोन.