देश की जग

टक्.

दुर्गाचं बोट चौरंगावर वाजलं आणि शास्त्रीबुवा थांबले. मागचा शब्द त्यांनी ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिला. पोथीतला मासा राजाच्या ‘हातीं’ आला होता. त्यांनी ‘हाती’ म्हटलं होतं. अनुस्वार राहून गेला होता. तो जागेवर ठेवून ते पुढं निघाले. सभामंडपातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. सुनेनं सासऱ्याला भर देवळात अडवायचं, हे एकोणीसशे सत्तावीस सालच्या भवानी पेठेच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

वेणीमाधवशास्त्र्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मत्स्यावताराची ती ओवीबद्ध पोथी त्यांच्या पणजोबांनी रचलेली, आणि त्यांना तोंडपाठ. तरी ती समोर उघडल्याशिवाय ते बसत नसत. पोथी दुर्गाच्या हाती असे. ती सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेली. ओळीवरून बोट फिरवायचं आणि अक्षर चुकलं की चौरंगावर वाजवायचं, हे काम त्यांनीच तिला दिलं होतं. “पणजोबांच्या शब्दात ज्या दिवशी माझा शब्द मिसळला, त्या दिवशी मी व्यासपीठ सोडलं,” असं ते म्हणत. असा करारी माणूस सोलापुरात दुसरा नव्हता.

त्या भाद्रपदात मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंभारीकडच्या ओढ्याला पूर येऊन धनगरांची एक वस्ती मेंढरांसकट वाहून गेली होती. वाचलेली माणसं देवळाच्या ओवरीत उतरली होती. पंच तिप्पण्णा वाईट नव्हते. पहिल्या दिवशी भाकरी त्यांनीच वाटल्या होत्या. पण मग पेठेत कुजबुज सुरू झाली. देवानं ज्यांना बुडवलं त्यांना आसरा दिला, तर उद्या पाणी आपल्या दारी येईल. तिप्पण्णांनी शेवटी तोड काढली. पोथीत प्रलय येतो. पोथी सांगेल तसं करायचं.

“बुवा, लई वाट बघायला लावू नका,” ते मध्येच म्हणाले. “देश बुडाला की जग, तेवढं सांगा. पापी लोकांचा देश तेवढा बुडाला असंल, तर देव निवडून बुडवतो. मग ही माणसं आज बाहेर. जग बुडालं असंल, तर पापी काय अन् पुण्यवान काय, सगळेच गेले. मग माजं काय म्हणणं न्हाय.”

ओवरीच्या पायरीवरून मायाक्का उठली. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी तीच. तिची सून आत भिंतीला टेकून बसली होती, दिवस भरलेली.

“अण्णा, पोर आज-उद्याला हाय. तिला घिऊन कुटं जाऊ? आमची जगबुडी झाली की ओ.”

“ऐका!” तिप्पण्णांनी मंडपाकडं बघून हात उडवला. “ओढ्याला पूर आला, अन् म्हणे जगबुडी! तुजं जग म्हंजे चार खोपटी व्हय गं?”

लोक हसले.

“व्हय,” मायाक्का म्हणाली. “तेवढंच हुतं.”

हसू विरलं. शास्त्रीबुवांनी त्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि तशीच ठेवली. गिरणीचा भोंगा वाजला, वाजून थांबला. मग त्यांनी मांडी सावरली आणि संथ चालीवर ओवी म्हटली,

“लोटलें पाणी, जग बुडे ।
नावेवांचून कांहीं न सांपडे ॥”

तिप्पण्णा पुढं सरकले. “जग? बुवा, मागल्या खेपेला देश म्हणाला होता की.”

“म्हणालो असेन. वय झालं माझं.” शास्त्रीबुवांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “आज चुकलो असेन, तर सूनबाईचं बोट वाजेल.”

सगळा मंडप दुर्गाकडं बघू लागला. तिचं बोट त्याच ओळीवर होतं. ते तिनं उचललं. चौरंगाच्या कडेशी आलं. मग तिनं पान उलटलं.

“अनुस्वार सोडत न्हाय ती,” मागून बायकांतली केराबाई म्हणाली. “शब्द सोडंल व्हय?”

तिप्पण्णांनी टोपी काढून कपाळ पुसलं. हरलेल्या माणसाचा नव्हे, ओझं उतरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. “केराबाई, बसलीस काय? माज्या दुकानातनं चादरी आण आन् ओवरीत आडोसा कर. बाळंतीण व्हायचीय हितं.”

मायाक्कानं कुणाला नमस्कार केला नाही. ती सुनेजवळ जाऊन बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

पोथी संपली. घरी जाताना काठीचं एक टोक दुर्गाच्या हातात होतं, दुसरं शास्त्रीबुवांच्या. पेठेचा रस्ता सुटून घराचा बोळ लागला. तिथं शास्त्रीबुवा थांबले.

“सूनबाई, उद्यापासून मी व्यासपीठावर बसणार नाही.”

“का, मामंजी?”

“पणजोबांनी तिथं ‘देश’ लिहिलंय. तुझ्या बोटाखालीच होतं ते.” त्यांनी काठी घट्ट धरली. “तू वाजवलं का नाहीस?”

दुर्गानं पोथी छातीशी धरली आणि काठी हलकेच पुढं ओढली.

“चूक असती तर वाजवलं असतं, मामंजी.”